झुंबरबाईची काथवट आणि बाजरीचं पीठ

काथवट म्हणजे काय, ठाऊक आहे ना मित्रांनो? नसेल, तर तुमच्या घरी पितळेची परात आली असणार. आमच्याही घरी आली. मी लाकडाची. भाकरीचं पीठ माझ्यात मळायचे आणि माझ्यातच थापायचे. आता मला गोठ्याच्या भिंतीशी ठेवलंय आणि माझ्यात कोंबड्यांना कण्या घालतात. मेल्या खातात कमी आणि सांडतात जास्त. असो. रडगाणं गायला मी काही बसलेले नाही.

माझा जन्म भाजे गावचा, मळवली स्टेशनापासून पायी जाता येतं तिथला. पहिली मोठी लढाई नुकतीच सरली होती. कोंडाजी सुताराने शिवणीच्या ओंडक्यातून मला कोरून काढलं, हाताने चाचपून पाहिलं आणि झुंबरबाईच्या हवाली केलं. झुंबरबाई विधवा होती. घरात ती आणि तिचा मुलगा महिपती, एवढीच माणसं. शेत भाताचं, म्हणून भाकरीही तांदळाची.

तांदळाची भाकरी करणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नाही, बरं का! आधी पाण्याला आधण आणायचं. त्यात पीठ वैरायचं, झाकण घालून वाफ काढायची. त्याला उकड म्हणतात. ती गरम गरम उकड माझ्यात ओतून, हात पाण्यात बुडवत सगळी एकदम मळायची. झुंबरबाईची बोटं भाजून लाल व्हायची, पण भाकरी अशी मऊ, की दुसऱ्या दिवशी घडी घातली तरी मोडायची नाही. आळीतल्या बाया नावाजायच्या. झुंबरबाई वरवर म्हणायची, "त्यात काय एवडं?" पण मनातून फुलायची. मीही फुलायचे, खोटं कशाला बोलू?

मग महिपतीचं लग्न झालं. नवी सून कस्तुरा शिरूरकडची, कोरड्या मुलखातली. तिकडे बाजरी. तिने जन्मात तांदळाची भाकरी थापली नव्हती, आणि ते सांगायची तिला लाज वाटली. पहिल्या सकाळी ती माझ्यापुढे बसली आणि माहेरच्या सवयीने तिने तांदळाचं पीठ गार पाण्यात भिजवलं. मी मनात म्हटलं, अगं बाई, हे काय करतेस! पण मला कुठलं तोंड? भाकरी थापताना तिच्या कडा चिरल्या, उचलताना दोन तुकडे झाले. दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच.

झुंबरबाई दारातून बघत होती. ती ओरडली नाही. "ऊठ, पोरी. तू शेणपानी बघ," एवढंच म्हणाली आणि स्वतः माझ्यापुढे बसली.

त्या दिवसापासून कस्तुरा माझ्यापुढे बसली नाही. गोठा तिचा, पाणी तिचं, लावणीला वाकणं तिचं. चूल मात्र सासूची. झुंबरबाईला वाटे, पोरीला जमत नाही तर उगाच पीठ कशाला नासायचं? तिच्या मनात वाईट नव्हतं. पण पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "भाकऱ्या कोन करतं गं तुमच्यात?" कस्तुरा मान खाली घालून घागर उचलायची.

मला घासून धुवायचं काम तेवढं तिच्याकडे होतं. दिवाळी जवळ आली, तेव्हा एका दुपारी मला घासता घासता ती रडायला लागली. आसपास कुणी नव्हतं, म्हणून मलाच म्हणाली, "हितल्या कुनाच्या पोटात माझ्या हातचा घास ग्येला न्हाई. मग मी हितली कशी? भाऊबीजंला दादा न्यायला आला की जाईन, ती माघारी यायची न्हाई."

माझ्या तर काळजात चर्र झालं. लाकडाला काळीज नसतं असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या.

भाऊबीजेच्या आधी सोपान आला, कस्तुराचा थोरला भाऊ. बहिणीच्या सासरी म्हणून बाजरीच्या पिठाचं गाठोडं घेऊन आला होता. झुंबरबाईने पाहुण्याला तांदळाची भाकरी वाढली. तो "लय झ्याक हाय, मावशी" म्हणाला खरा, पण जेवला चिमणीएवढं.

झुंबरबाईच्या ते जिवाला लागलं. पाहुणा उपाशी उठला म्हणजे काय! दुसऱ्या सकाळी तिने बाजरीचं गाठोडं सोडलं. सुनेला हाक मारावी हे तिच्या डोक्यातच आलं नाही. चुलीपुढे बसायची तीच, मग भाकरी करणारीही तीच. तिने आधण ठेवलं, बाजरीची उकड काढली आणि सगळी एकदम मळून गोळे करून ठेवले.

अरे देवा! बाजरी ती. तिचं तंत्रच वेगळं. एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायचं आणि लगेच थापायचं. मळून ठेवलं की गेलं. झुंबरबाईची पहिली भाकरी माझ्या बुडाला चिकटली. दुसरी उचलताना फाटली. तोवर उरलेले गोळे सुकून भेगाळले.

एवढ्यात कस्तुरा घागर घेऊन आत आली. सासू माझ्यापुढे हतबल होऊन बसलेली, दोन्ही हात पिठाने बरबटलेले, कपाळालाही पीठ. कस्तुराने घागर ठेवली. तिच्या तोंडावर हसू आलं. तिने पदर तोंडात कोंबला, पण हसू काही दबेना.

"हास, हास," झुंबरबाई चिडून म्हणाली. "तुमची बाजरी मेली लय खाष्ट हाय!"

"खाष्ट न्हाई, आत्याबाई. तिला येक येक करून मळावं लागतं." कस्तुरा तिच्या शेजारी टेकली. मूठभर कोरडं पीठ घेतलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि रगडायला लागली. अहाहा! काय तो हात! थापताना कशी तालात फिरत होती भाकरी. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यांपुढे उभी केली, आणि ती टम्म फुगली.

झुंबरबाईने हात पुसून ती भाकरी उचलली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "मला एवड्या वयात एक भाकरी साधंना. आन् तुला म्या पैल्याच दिशी उठीवली. चुकलं गं माझं."

कस्तुरा पुढचा गोळा मळत राहिली. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. त्या दिवशी सोपान पोटभर जेवला आणि महिपतीने "ही कुनी केली?" असं विचारून आणखी मागून घेतली.

निघायच्या सकाळी झुंबरबाईने सुनेला उकड काढायला शिकवली. घाईघाईत किती शिकवणार? एक भाकरी बरी झाली, एक मोडली. दोन्ही शिदोरीत बांधल्या. कस्तुरा पाया पडली आणि भावाबरोबर गेली. परत कधी येणार, हे ती बोलली नाही. झुंबरबाईनेही विचारलं नाही. तिला विचारायची भीती वाटली असावी.

भात पिवळं झालं. झुंबरबाई भाकऱ्या करायची, पण चित्त ठिकाणावर नसायचं. मळवलीला गाडीची शिट्टी झाली की हात थांबायचा आणि नजर दाराकडे जायची. "आये, भाकरी करपती," महिपती म्हणायचा. पण त्याचं तरी लक्ष कुठे होतं? मी तर रोज देवाला सांगत होते, बाबा, एकदा ती दारात दिसू दे.

आणि एका सकाळी आली! अंगणात कस्तुराचाच आवाज, "दादा, बैलाच्या मागून नको, हिकडून ये." झुंबरबाई उकड मळत होती. तिने वर पाहिलं. कस्तुराने पाय धुतले, आत आली आणि ओल्या हातांनीच विचारलं, "आत्याबाई, उकड निवंल. मी मळू का?"

झुंबरबाई उठली. पिठाच्या हाताने तिने सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बस, माझी बाय. तुजीच जागा हाय."

त्या दिवशी कस्तुराच्या निम्म्या भाकऱ्या मोडल्या. तिघं पोटभर जेवली. मग तीही जेवायला बसली. घरात तिच्या हातचं खाऊन सगळी तृप्त झालेली, अंगणात ऊन, शेतात कापणीला आलेलं भात. तिच्या तोंडावर जे सुख मी पाहिलं, ते पुढे कुठल्या सणालाही पाहिलं नाही. मग वर्षानुवर्षं त्या दोघी माझ्यापुढे आळीपाळीने बसल्या, भांडल्या, हसल्या आणि घर जेवू घालत राहिल्या.

मित्रांनो, मला परत चुलीपुढे न्या असं मी म्हणत नाही. तुमची परात तुम्हाला लखलाभ. पण तिच्यापुढे तुमच्या घरातलं कुणी पहिल्यांदा भीत भीत बसेल, तेव्हा तिला उठवू नका. मोडली भाकरी तर मोडू द्या. दुधात कुस्करून खा, आणि उद्या पुन्हा तिलाच बसू द्या.