भिंतीकडची खुर्ची

मी बोलतेय ती भिंतीकडची खुर्ची. सैन्यभरतीच्या कार्यालयात शिरलात की समोर टेबल दिसतं, टेबलापलीकडे साहेब आणि टेबलाअलीकडे ती दुसरी खुर्ची. गादीची, हातांची, गोल फिरणारी. आत येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघतो. मी दाराजवळ भिंतीला पाठ लावून असते. मला गादी नाही, हात नाहीत. खोटं कशाला बोलू, तिला बघून माझा जळफळाट होतो. पंधरा वर्षं होतोय.

सुताराने मला एका शाळेसाठी घडवलं. आम्ही चाळीस बहिणी. शाळेत लोखंडी बाकं आली आणि आम्हाला जिथे जागा मिळेल तिथे वाटून टाकलं. मी इथे आले तेव्हा टेबलासमोर मीच होते, हे आधीच सांगून ठेवते. आठ महिने ती जागा माझी होती. मग ही गुळगुळीत बया आली आणि मला उचलून भिंतीला लावलं. कोणी विचारलं नाही, काही नाही.

इथली रीत अशी की ज्याला सैन्यात जायचंय त्याने टेबलासमोर बसायचं आणि त्यानेच प्रश्न विचारायचे. सोबत आलेल्यांनी माझ्यावर बसायचं आणि गप्प राहायचं. तशी पाटीच आहे. पूर्वी आया बोलायच्या आणि पोरं आपल्या चपला बघत बसायची, म्हणून साहेबांनी ती लावली.

त्यामुळे सगळे प्रश्न तिच्या वाट्याला. चष्मा असला तर घेतात का. तळपाय सपाट आहेत, चालतील का. पोहता येत नाही. केस कापावेच लागतात का. एकाने दंडावर नाव गोंदवलं होतं, ते पुसावं लागेल का म्हणाला. साहेब म्हणाले, "आधी जिचं नाव आहे तिला विचार, मग माझ्याकडे ये." आणि मधेच सोडून येता येतं का, हा प्रश्न तर जो तो दाराकडे बघतच विचारतो.

माझ्यावर बसणारी माणसं काही विचारत नाहीत. दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरतात. हात लागून लागून तिथलं पॉलिश कधीच गेलंय. त्यांचा प्रश्न एकच असतो आणि तो तोंडातून निघत नाही.

एका सकाळी एक इस्त्रीवाली आली, सोबत तिची पोरगी. घरात दोघीच. पोरीला अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी होते, म्हणून आईच्या सहीशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता.

"आई, तू बोलायचं नाहीस हं," पोरगी दारातच म्हणाली.

"मी कशाला बोलू? मला कोण विचारतंय," म्हणत बाई माझ्यावर धपकन बसली.

पोरीने वहीत प्रश्न लिहून आणले होते. धावायचं किती, राहायचं कुठे, पुढे शिकता येतं का. साहेब उत्तरं देत होते. मग तिने विचारलं, "रजा किती मिळते?"

"नियमाने वर्षातून दोनदा."

माझ्यावरची बाई पुढे झुकली. ती साहेबांच्या बाहीकडे बघत होती.

"साहेब, शर्टाला इस्त्री तुम्हीच करता ना?"

"आई, पाटी वाच."

"वाचलीय. हा सैन्याचा प्रश्न नाही, इस्त्रीचा आहे."

साहेबांनी बाही वळवून बघितली. "कसं ओळखलंत?"

"दोन रेघा आहेत. शिवण नीट जुळवली नाही की दुसरी रेघ उठते. घरात कोणी असतं तर तुम्हाला असं बाहेर पडू दिलं नसतं. घरचे कुठे असतात?"

"लांब."

"शेवटचे कधी गेलात?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "अकरा महिने झाले. दोनदा रजा मंजूर झाली, ताई. दोनदा रद्द झाली."

"आता खरं बोललात," बाई म्हणाली.

गादीवाली गर्रकन फिरली. पोरगी बसल्याबसल्याच आईसमोर आली. "आई, मला हे ठाऊक होतं."

"तरी जायचंय?"

"हो."

"मी सहाला हाक मारली की कूस बदलतेस. तिथे चारला उठशील?"

"उठेन."

"ते कोण लागतात गं तुझे? मी अठरा वर्षं घसा कोरडा केला, आणि कालचे परके शिट्टी मारतील तर तू पळत जाशील?"

पोरीने वही मिटली. मला मात्र बाई ओळखू आली. ती माझ्याच जातकुळीची निघाली. समोरची जागा हातची गेली की कसं वाटतं, ते मला कोणी सांगायला नको.

बाईने दोन्ही हातांनी माझी कड धरली. साहेबांनी घाई केली नाही. मग बाई म्हणाली, "आणा तो कागद."

पोरगी उठली. साहेबांनी गादीवाली पुढे केली. "या, इथे बसा."

"मी इथेच बरी आहे."

साहेब स्वतः उठून आले. खाली धरायला जाड रजिस्टर दिलं. बाईने ते मांडीवर ठेवलं आणि एकेक अक्षर गिरवत नाव लिहिलं. भिंतीला लागल्यापासून माझ्यावर बसून झालेली ती पहिली सही. मला वाटलं होतं, अंगावर मूठभर मांस चढेल. पण पेन टेकताना तिने सगळा भार माझ्यावर सोडला आणि माझ्या मागच्या डाव्या पायाचा सांधा कर्रकन उघडला. ही बया हे असलं रोज पेलते? मला कधी बोलली नाही.

दीड वर्षाने दोघी साहेबांना भेटायला आल्या. पोरगी वर्दीत. साहेबांनी गादीवाली पुढे सरकवली, तरी बाई सरळ माझ्याकडे आली. बसली आणि पोरीची बाही धरून उजेडाकडे वळवली. एकच रेघ, सुरीच्या धारेसारखी.

"कोणी शिकवलं?"

"तिथल्या ट्रेनिंगच्या बाईंनी."

"मी दहा वर्षं सांगत होते."

"तू सांगायचीस आणि माझ्या हातातून घेऊन स्वतःच करायचीस."

बाईने बाही सोडली नाही. तोंडावर अर्धा अभिमान होता. उरलेलं अर्धं काय होतं ते मला विचारा.

आता माझा पाय तारेने बांधलाय. नव्या कारकुनाने मला मोडीत काढायच्या यादीत घातलंय. माझं एवढंच म्हणणं, गादी नको, दोन खिळे मारा. हेवा माझा गेलेला नाही, जायचाही नाही. ती फिरली की अजून पोटात दुखतं. पण ती पाटी तेवढी काढा. आणि खिळे आजच मारा. उद्या दहाला कोणाची तरी आई यायची आहे.