चमच्याच्या फोटोवरचे शेरे

मी एक फोटो बोलतोय. माझ्यात पाणी आहे, गवत आहे आणि पक्षी नाही. पण मी पक्ष्याचाच फोटो आहे हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हीही मला निसर्गदृश्य म्हणून मोकळे व्हाल.

माझा जन्म २००५ च्या जानेवारीतला, नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याकाठचा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर असलेले रंगनाथराव तीन हिवाळे तिथल्या चिखलात पालथे पडून एका पक्ष्याची वाट पाहत होते. त्याचं नाव चमच्या, कारण त्याची चोच पुढे चमच्यासारखी चपटी असते. दर रविवारी नवरा घर टाकून तिकडे का पळतो, हे त्यांच्या बायकोला, छायाबाईंना, कधीच कळलं नव्हतं. "हिला हा फोटो दाखवला की कळेल," असं ते मला टिपताना पुटपुटले. मला फार भरून आलं.

पण केंद्राची शिस्त त्यांच्या हाडीमासी खिळलेली. तिथे दुरुस्तीचा कागद सगळ्या विभागांत फिरतो आणि प्रत्येक शेरा निकाली निघाल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. त्यांनी मलाही तसाच कागद जोडला आणि कामावर नेलं. बायकोला अर्धवट काही दाखवायचं त्यांच्या मनाला पटेना.

फुकटचा सल्ला द्यायला कोण मागे राहतो? वेल्डिंगच्या मोतीरामने लिहिलं, "चोच पुढे चेपली आहे. सरळ करावी." सुरक्षा विभागाला पाणी खोल वाटलं. स्टोअरच्या चंदरने माल मोजावा तसा पक्षी मोजला आणि लिहिलं, "पाय एक कमी." चमच्या बिचारा एका पायावर विसावला होता.

नाशिकरोडच्या स्टुडिओत कुंदन कॉम्प्युटरवर शेरे निकाली काढायला बसला. चोच टोकदार झाली. पाणी घोट्याएवढं झालं. होता त्याच पायाची नक्कल करून दुसरा लावला, त्यामुळे पक्ष्याला दोन्ही पाय डावे आले.

"काका, मूळ फोटो वेगळा ठेवू का?" कुंदनने विचारलं.

"नको. जुनं ड्रॉइंग हाताशी राहिलं की माणसं त्यावरूनच काम करतात. रद्द कर."

कॅमेऱ्यातल्या कार्डावर तोवर कुणाच्या तरी बारशाचे फोटो आले होते आणि कामावर फिरलेली प्रत रद्दीत गेली होती. खरा चमच्या आता कुठेच उरला नाही.

शेवटचा शेरा घरचाच. रंगनाथरावांची मावशी नवसाबाई बाजारात शेवंती विकून परतताना, छायाबाई घरात नसताना, चहाला आली. तिने मला डोळ्यांजवळ धरलं. "बगळाच हाय की रे. आमच्या कोथिंबिरीत लय येत्यात. याचा कशाला फोटू?"

तिचं तरी काय चुकलं? टोकदार चोचीचा पांढरा पक्षी दुसरा कोण असणार? रंगनाथरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "पक्षी सामान्य. काढून टाकावा." दुसऱ्या दिवशी कुंदनने काढला. कामावर माझं कौतुक झालं, कारण माझ्यात आता कुणालाच चूक सापडेना.

मग मी चौकटीत बसून घरी आलो. छायाबाई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी मला उजेडाकडे धरलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण यासाठी तीन वर्षं?"

रंगनाथरावांनी मला नीट पाहिलं, बहुधा कितीतरी दिवसांनी, आणि माझ्यासमोर खाली बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाचकहो, माझी एकच विनवणी आहे. एखादी गोष्ट ज्याच्यासाठी केली त्याला ती आधी दाखवा, गावाला मागाहून.

"इथं होता," काचेवर बोट ठेवून ते म्हणाले. मग उठले, त्या वयात एक पाय पोटाशी घेतला आणि तळहात तोंडापुढे चपटा धरला. "चोच अशी. चालताना पाण्यात अशी डावीउजवीकडे फिरवतो."

"अशी कुठं चोच असते? खोटं वाटतं," छायाबाई म्हणाल्या.

हाही शेराच होता. आता रंगनाथराव तो लिहून घ्यायला पेन्सिल शोधणार म्हणून मी धास्तावलो. ते डुलत एका पायावरच उभे राहिले.

"वाटू दे," ते म्हणाले. "रविवारी चल."