कोरड्यावरच्या मासोळ्यांची पिशवी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी कांद्याची एक जुनी जाळीची पिशवी आहे. अंगावर तीन गाठी, एक कोपरा उसवलेला. पण अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात माझ्याएवढी रानं हिंडलेली दुसरी पिशवी दाखवा आणि मग बोला!

मी ऑर्फाताईच्या स्वयंपाकघरात आले ती पोटभर कांदे घेऊन. कांदे संपले, तेव्हा वाटलं, आता आपली रवानगी चुलीत. पण ताईने मला झटकलं, उन्हाला धरलं आणि म्हणाली, "बाई, तुझी ही भोकंच माझ्या कामाची!"

काम होतं मासोळ्या आणायचं. पाण्यातल्या नव्हेत हं! वसंतात वठलेल्या एल्मच्या झाडाखाली मोरेल नावाची अळंबी उगवते. उभी चिरून, मक्याच्या पिठात घोळवून तळली की थेट मासोळीच. म्हणून आमच्याकडे तिला कोरड्यावरची मासोळी म्हणतात. तिचं पिठासारखं बी माझ्या भोकांतून वाटभर सांडायचं. पुढच्या सालची सोय झाली, असं ताई म्हणायची.

ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की आम्ही निघायचो. मासोळ्यांची जागा ताईच्या आईने फक्त तिलाच दाखवलेली. म्हणून ही बया मला कोटात लपवायची, खांद्यावर मासे पकडायची काठी टाकून ओढ्याकडे निघायची आणि वळणावरून गुपचूप डोंगर चढायची. शेजारच्या कुंपणावरून तिचा धाकटा भाऊ डेन्झिल ओरडायचा, "ताई, काठीला गळ लावायला विसरलीस बघ!"

"तू तुझ्या कोंबड्या सांभाळ, चोंबड्या!"

दरवर्षी मासोळ्या पानांच्या ढिगाखाली दडलेल्या असायच्या. ताई पानं सारायची, देठ नखाने खुडायची आणि म्हणायची, "वाऱ्याला माझी काळजी आहे हो. कुणाच्या नजरेला पडू देत नाही." घरी आलं की मिठाच्या पाण्यात बुडवून किडे काढायचे, सुईदोऱ्याने माळा ओवून शेगडीवर टांगायच्या, खडखडीत वाळल्या की बरणीत भरायच्या. नाताळच्या सकाळी त्यांचा दाट रस्सा व्हायचा आणि डेन्झिल दोन पाव जास्त हाणायचा.

एका वर्षी सुनेने ताईला झकपक प्लॅस्टिकची पिशवी दिली. मी खिळ्यावर लटकले. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. पण प्लॅस्टिकमधल्या मासोळ्यांना घाम सुटला आणि घरी येईतो त्यांचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी ताईने मला खाली काढून चक्क माझी माफी मागितली.

मग ताईचे डोळे अधू झाले. तिने कुणाला सांगितलं नाही. गेल्या वसंतात तिने नुसतं चाचपडून पाहिलं, हाताला फक्त पानं लागली आणि आम्ही रिकाम्या हाताने परतलो. नाताळला बरणी रिकामी. डेन्झिलने कोरडाच पाव खाल्ला. ताई मला मांडीवर घेऊन म्हणाली, "माझ्याबरोबर आईची जागाही जायची गं."

या वसंतात मात्र ती कुंपणाशी गेली. "डेन्झिल, मला धड दिसत नाही रे. जरा तुझे डोळे दे."

"डोळे हवेत की भाऊ?"

"डोळे. भाऊ मागोमाग आला तर चालेल."

वठलेल्या एल्मपाशी पोचल्यावर ताई म्हणाली, "इथेच कुठेतरी. शोध." डेन्झिलने काही शोधलं नाही. सरळ तीन पावलं गेला, वाकला आणि पानांचा ढीग सारला. खाली मासोळ्याच मासोळ्या!

"तुला कसं कळलं?"

"लहानपणी आईच्या मागे चोरून आलो होतो. परवा मीच झाकल्या ना. आई गेल्यापासून दरवर्षी झाकतो. तू यायच्या आत कुणी नेल्या असत्या म्हणजे?"

"आणि एकही खुडली नाहीस?"

"जागा तुला दिली होती आईने." तो पानांकडेच बघत राहिला. "गेल्या साली इथेच कुजल्या सगळ्या. तुला दिसत नाही हे बोलली असतीस तर उघड्या ठेवल्या असत्या गं, ताई."

ताईने एक मासोळी बोटांनी चाचपून पाहिली. "मेल्या, आणि मी इतकी वर्षं वाऱ्याचे आभार मानत बसले!" ती रडत होती, हसतही होती. मग तिने मला त्याच्या हातात दिलं.

आता मी डेन्झिलच्या खांद्यावर असते आणि ताईचा हात त्याच्या दंडाला. काठी घरीच राहते. मित्रांनो, जुनी झाली म्हणून माझ्यासारखी पिशवी फेकू नका, आणि तिची भोकंही बुजवू नका. तुमच्या वाटेवर दरवर्षी कुणी पानं पांघरून ठेवत असेल, तर एकदा वळून बघा. वारा इतक्या नेमाने येत नाही.