क्लचचा दोष

सासूबाईंनी सफरचंदाची फोड सुनेच्या हातावर ठेवली आणि निकाल देऊन टाकला.

"क्लच! दिवसभर क्लच दाबत बसायचं, मग गर्भ जागेवर राहील कसा? सरकला नळीत."

सून लोकांना गाडी चालवायला शिकवायची. काल गर्भनळी फुटून ती मरता मरता वाचली होती, आणि आज इस्पितळातल्या खाटेवर पडून हे दिव्य शरीरशास्त्र ऐकत होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मी कधीचा सांगतोय, ती नोकरी सोड म्हणून," खिडकीपाशी उभा असलेला नवरा म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकं कौतुकानं 'डॉक्टर' म्हणत आणि हा अर्ध्या हळकुंडानं पिवळा होई.

खरी डॉक्टर आत आली.

"थोडं खासगी विचारायचंय."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "आमच्या घरात लपवाछपवी नसते."

"बसू द्या त्यांना," सून म्हणाली. भांडायची ताकद कुणाला होती?

"आधी पोटाचं काही ऑपरेशन? तांबी बसवली होती? सिगरेट?"

तिन्हींना तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"मग क्लचच," सासूबाई पुटपुटल्या.

"क्लचचा काही संबंध नाही, आजी. जुन्या जंतुसंसर्गानं नळी आतून खराब झालीय, म्हणून गर्भ वाटेतच अडकला." डॉक्टर सुनेकडे वळली. "तो संसर्ग अजून आहे. संबंधांतून होतो, आणि बाईला पुष्कळदा त्रास जाणवतच नाही. आता एकच नळी उरलीय. ती वाचवायची तर गोळ्या दोघांनी घ्यायच्या, नाहीतर एकाचा पुन्हा दुसऱ्याला होतो."

"मला कशाला?" नवरा बोलून गेला. "माझा कोर्स केव्हाच झालाय."

"कसला कोर्स रे?" सासूबाईंनी विचारलं.

सून त्याच्याकडे बघत राहिली. दुकानातल्या गोळ्या यानं गुपचूप खाल्ल्या आणि स्वतःपुरता बरा झाला. रोज जेवणाचं ताट वाढून देणाऱ्या बायकोला मात्र तसंच ठेवलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती नुसती किळस.

"मला का नाही दिल्यास गोळ्या?"

"अगं, एकदाच पाय घसरला होता. तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

तिनं डॉक्टरकडे मान वळवली.

"गोळ्या माझ्या एकटीच्याच लिहून द्या. आता एकाचा दुसऱ्याला व्हायचा नाही."