खऱ्या काउबॉयसाठी तीन खोल्या

फोर्ट वर्थमध्ये दोन रात्रींसाठी घर भाड्याने घ्यायला मला तीन आठवडे लागले. नवरा निवडताना याच्या निम्मा वेळ घेतला असता तर आज मी घटस्फोटित नसते.

रोज संध्याकाळी जेवण झालं की मी टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. एकेक नग बघा! ‘अस्सल काउबॉय मुक्काम’: तीन खोल्या, दोन बाथरूम, बैलांच्या सहा कवट्या. ‘गोठ्यातील स्वप्न’: म्हणजे गाय हाकलून तिथे झुंबर लावलेलं. एका घरात जुन्या बुटांमध्ये निवडुंग लावले होते, दुसऱ्यात खोगिरावर टॉयलेट पेपरची गुंडाळी. खाली कुणा बाईने पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘सकाळी उठले तर अगदी काउबॉय झाल्यासारखं वाटलं!’ अगं बाई, काउबॉय सकाळी उठतो तेव्हा त्याला पाठ सरळ करता येत नाही. मी एकाच्या घरात वाढलेय, मला विचार.

एवढी उठाठेव कशासाठी, तर माझा भाऊ कर्टिस पुढच्या बुधवारी न्यूझीलंडला चालला होता. बायकोसकट, कायमचा. आमचे डॅडी चौऱ्याहत्तर वर्षांचे. विमानात त्यांनी कधी पाय ठेवला नाही आणि ठेवणारही नाहीत. त्याआधीच्या शनिवार-रविवारी या घरात दोघं एकमेकांशी धड बोलले नाहीत, तर पुढची भेट थेट दफनभूमीत होणार होती, आणि तिथे बोलणारा एकच असतो.

तसे ते बोलायचे हो. ख्रिसमसला फोनवर. ‘पाऊस आहे का तिकडे?’ ‘आहे.’ ‘इकडे नाही.’ झालं, वर्षाचा कोटा संपला. कर्टिस पोर्टलंडला दातांचा डॉक्टर आहे. त्यावर डॅडी गुरांच्या खाद्याच्या दुकानात सगळ्यांना सांगतात, ‘आमच्या घरात चार पिढ्या घोड्यांचे दात बघायच्या, यानं माणसांचे धरले.’ लोक हसतात. कर्टिसला हे कुणीतरी सांगतंच.

पण खरं दुखणं दातांचं नव्हतं, हॅटचं होतं.

एकतीस वर्षांपूर्वी डॅडी फोर्ट वर्थच्याच रोडिओत, म्हणजे काउबॉय लोकांच्या स्पर्धेत, उतरले होते. बिथरलेल्या घोड्यावर एका हातात जाड दोर धरून आठ सेकंद टिकायचं, हे त्यांचं काम. त्रेचाळिसाव्या वर्षी बाकीचे केव्हाच घरी बसलेले असतात. आम्ही मोटेलात उतरलो होतो. चौदा वर्षांच्या कर्टिसने गाडीतलं सामान आत आणलं आणि हात मोकळे करायला डॅडींची हॅट पलंगावर टाकली. आमच्यात हे कुणी करत नाही. पलंगावर हॅट म्हणजे कुणाच्या तरी जिवावर बेतणार. बाकी देव मानो न मानो, हे मानायचंच. त्या संध्याकाळी डॅडी चौथ्या सेकंदाला खाली आले आणि त्यांच्या खुब्याचा चुरा झाला. पुन्हा ते कधी रोडिओत उतरले नाहीत.

कर्टिसला ते एक शब्द बोलले नाहीत. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण लंगडताना बघून कुणी विचारलं, की सांगायचे, ‘पोरानं पलंगावर हॅट ठेवली ना.’ चर्चमध्ये सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितलं. पोरगा शेजारीच हातात ताटली धरून उभा! अठरावं लागलं त्या महिन्यात कर्टिसने घर सोडलं.

म्हणून मी घर पारखून घेत होते. डॅडींच्या खुब्याला पायऱ्या नकोत, पलंग फार बुटका नको. दारावर नाल टांगलेली असेल तर तिची टोकं वर हवीत, नाहीतर नशीब गळून जातं म्हणे. टोकं खाली म्हणून मी दोन चांगली घरं नाकारली. शेवटी एक मिळालं. स्टॉकयार्ड्सपासून, म्हणजे जुन्या गुरांच्या बाजारापासून, चार गल्ल्या, एकमजली, नाल सरळ, भिंतीवर एकच कवटी. सगळे फोटो मोठे करकरून पाहिले. पलंगांवर उशांखेरीज काही नव्हतं.

आणि मग मी माती खाल्ली. मालक ब्रेंडन, पार पूर्वेकडच्या कनेक्टिकटहून दोन वर्षांपूर्वी आलेला, आमच्या रीती न जाणणारा. त्याला मी तिघांची नावं कळवली आणि खुशीत येऊन लिहिलं, ‘माझे वडील खरेखुरे काउबॉय आहेत, जरा नीट व्यवस्था ठेवा.’ त्याने उलट तीन उद्गारचिन्हं पाठवली.

शुक्रवारी दुपारी मी आणि डॅडी त्यांच्या पिकअपमधून पोचलो. डॅडी काठी टेकत आत गेले. दिवाणखाना पाहिला, कवटीकडे पाहून म्हणाले, “याला उपाशी मारलेलं दिसतंय.” मला हायसं वाटलं, स्वारी खुशीत होती. मग ते आतल्या खोल्यांकडे गेले आणि चालण्याचा आवाज थांबला. परत आले ते सरळ माझ्या अंगावरून बाहेर. पिकअपमध्ये बसले आणि दार ओढून घेतलं.

मी आत धावले. तीन खोल्या, तीन पलंग आणि प्रत्येक पलंगाच्या बरोब्बर मधोमध एकेक कोरी करकरीत हॅट. तीही पालथी, म्हणजे उरलंसुरलं नशीबही सांडलेलं! सोबत चिठ्ठ्या: डॅडींना ‘सुस्वागतम् हार्लन’, मला ‘सुस्वागतम् टॅमी’, भावाला ‘सुस्वागतम् कर्टिस’. मी उलट्या पावली दारात आले.

तेवढ्यात कर्टिस विमानतळावरून भाड्याच्या गाडीने आला, एकटाच; बायको घरी सामान बांधत होती. माझ्या तोंडाकडे बघून काही न विचारता आत गेला. बाहेर आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण मला तो चौदाचाच दिसला.

“मी हे केलेलं नाही, टॅमी.”

“अरे गाढवा, मला माहीत आहे! त्या मालकानं केलंय.”

मालक नेमका तेव्हाच कुंपणावरून डोकावला, शेजारीच राहायचा तो. “काय मग, आवडलं का? हॅट तुम्हाला घरी न्यायच्या आहेत बरं का!”

त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती, पण माझं डोकं फिरलं होतं. “आवडलं तर! आता एक कबर खणून ठेवा, म्हणजे पाहुण्यांची सगळी सोय होईल.”

तो भांबावून फाटकातून आला आणि आमच्या पायरीवर बसला. मी तरातरा पिकअपकडे गेले. “डॅडी, बस्स झालं. तीन आठवडे डोळे फोडून घेतलेत मी. हॅट उचलून कचऱ्यात टाकते, तुम्ही आत चला.”

“उचलून उपयोग नसतो.”

“तुम्हाला आता कोण घोड्यावर बसवतंय?”

“माझं काय घेऊन बसलीस? त्याच्या पलंगावरही आहे ना. बुधवारी तो विमानात बसणार. खाली नुसतं पाणी, पंधरा तास.”

मागे कर्टिस उभा होता, मला कळलंच नाही. तो खिडकीशी आला. मी बाजूला झाले, पण लांब गेले नाही. खोटं कशाला बोलू?

“डॅडी, या वेळी मी नाही ठेवली.”

डॅडी समोरच्या काचेकडे बघत बसले.

“त्या वेळीही हॅटमुळे काही झालं नव्हतं,” ते म्हणाले. “मी दोर सोडला.”

“म्हणजे?”

“म्हणजे सोडला. सुटला नाही. घोडा चांगला होता, मी बसलोही नीट होतो. तिसऱ्या सेकंदाला भीती वाटली आणि हात उघडला. मुद्दाम. आयुष्यात पहिल्यांदा. वाटलं होतं, अलगद पडेन.”

एकतीस वर्षं मीसुद्धा मनातल्या मनात भावालाच धरून होते, हे मला तिथे उन्हात उभं राहून कळलं, आणि माझी मलाच शरम वाटली.

“मग माझं नाव का घेतलंत?” कर्टिसने विचारलं.

“कुणीतरी विचारलं आणि तोंडातून गेलं. मग सगळ्यांना तेच ठाऊक झालं. काउबॉय घाबरला, हे कसं सांगायचं?”

“मग आत्ता बाहेर का बसलात? हॅटचं काही नसतं ना?”

“त्या दिवशी नव्हतं. बुधवारचं मला काय माहीत?”

कर्टिस हसला असावा, निदान तसा आवाज तरी आला. मग तो खिडकीची कड दोन्ही हातांनी धरून वाकला.

“डॅडी, मी चौदा वर्षांचा होतो.”

“हो,” डॅडी म्हणाले. “आणि मी त्रेचाळीस.”

पायरीवरून ब्रेंडन हळूच म्हणाला, “मॅडम, ते आत येणार आहेत का?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “आता जरा गप्प बसा.”

कर्टिस पिकअपला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला. दार आतून लॉक होतं. तो तिथेच उभा राहिला, आणि डॅडी दुखऱ्या खुब्यावर वाकून, हात लांबवून, ते उघडायला लागले.