प्रेमलाबाईंचा दुसरा जबाब

प्रेमलाबाई रोज देवीपुढे हात जोडून अवघ्या जगाचं भलं मागत, फक्त दोन माणसं सोडून. एक त्यांचा जावई विक्रम आणि दुसरा नागोराव हवालदार. या दोघांसाठी त्या काय मागत हे देवीलाच ठाऊक. मागताना आवाज मात्र कधी चढला नाही.

पाच वर्षांपूर्वी त्यांची राजनंदिनी सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं विक्रम म्हणाला. शवागारात चादर सरकवली तेव्हा लेकीच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ होते. प्रेमलाबाईंनी ते नागोरावांना दाखवले. त्यांनी मान डोलावली, जबाब लिहिला, सही घेतली. रडण्याच्या भरात काय लिहिलंय हे विचारायचं सुचलं नाही. पुढे ठाण्यात हेलपाटे घातल्यावर कुणीतरी तो कागद वाचून दाखवला. शेवटी होतं, 'माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही.'

"तुम्हीच लिहून दिलंय, मावशी," म्हणून त्यांची बोळवण झाली. गावात तर निराळंच पसरलं. आईनंच मिटवलं म्हणे.

आता विक्रमची दुसरी बायको मोडका हात घेऊन ठाण्यात आली, तेव्हा पहिलीचं प्रकरण पुन्हा वर आलं. प्रेमलाबाईंना बोलावणं आलं. खराडीच्या काचेच्या इमारती मागे टाकत बस निघाली, तेव्हा त्यांच्या ओठांवर जप होता आणि पोटात निखारा.

ठाण्याच्या मागच्या खोलीत स्टँडवर मोबाइल लावलेला. समोर फौजदार अपूर्वा मॅडम, वयानं राजनंदिनीएवढ्याच. आणि बाजूच्या खुर्चीत, जुन्या प्रकरणाचे कागद घेऊन बसलेले, पोट सुटलेले, बढती मिळालेले नागोराव.

"या मावशी, ओळखलंत का?"

"तुमाला इसरंन व्हय?"

अपूर्वा मॅडमनी बटण दाबलं, तारीख सांगितली, खोलीत कोण कोण आहे ते सांगितलं. "मावशी, आता तुम्ही बोलाल ते जसंच्या तसं यात राहील. कुणी बदलू शकत नाही."

"आणि तुमी दोघं बोलाल त्ये?"

"तेही राहील."

प्रेमलाबाईंनी पदर सावरला. विक्रमबद्दल बोलायला त्या आल्या होत्या. पण मन म्हणालं, आधी हा.

"नागोराव साहेब, माझा पयला जबाब तुमीच लिवला ना?"

"मीच. अक्षर बघा की, मोत्यासारखं आहे."

"मी वळाचं सांगितलं व्हतं. त्ये त्यात न्हाय."

"मावशी, तुम्ही तेव्हा शुद्धीत तरी होता का?"

"बरं. मग तक्रार न्हाय, ह्ये बिनशुद्धीतली बाई बोलली?"

नागोराव हसले. नव्या पोरीपुढे आपलं जुनं ज्ञान मिरवायची त्यांना मोठी हौस. "अहो, ते वाक्य असतंच. अकस्मात मृत्यू म्हटला की शेवटी ते टाकावंच लागतं. नाहीतर कागद पुढे सरकत नाही. सगळ्यांच्या जबाबात मी तेच लिहीत आलोय, कुणी बोलो न बोलो."



अपूर्वा मॅडमनी मान वळवली. "म्हणजे त्या तसं म्हणाल्या नव्हत्या?"

नागोरावांचा हात मोबाइलकडे गेला. "मॅडम, हे जरा बंद करा. रीत सांगत होतो मी."

"हात मागे घ्या. चालू रेकॉर्डिंग मध्येच थांबवता येत नाही."

प्रेमलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. कपाळावर घाम फुटलेला माणूस त्यांनी आजवर कधी इतक्या निवांतपणे पाहिला नव्हता. मग त्या विक्रमच्या विषयाकडे वळल्या. कुठला वळ, कुठला दंड, आदल्या संक्रांतीला लेक काय म्हणून रडली, सगळं सांगितलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

बाहेर पडताना नागोराव दारात आडवे आले. "मावशी, रिटायरमेंटला आलोय हो. एवढं कशाला ताणता? तुम्ही देवाधर्माच्या."

"व्हय. म्हणून तर वाट बगितली. न्हायतर दगड घालायला एक रात पुरली असती."

"नागोराव," आतून हाक आली, "आता तुमचा जबाब. बसा समोर."

प्रेमलाबाईंना घरी जायला सांगितलं, पण त्या बाहेरच्या बाकड्यावर टेकल्या. दिवे लागले. सुनेचा फोन आला, "आत्या, देवाला दिवा लावायचा राहिलाय. कधी येताय?"

"तू लाव. मला उशीर हाय."

इतक्या वर्षांत दिवेलागणीला त्या घराबाहेर राहिल्या नव्हत्या. दार लोटलेलं होतं. आत नागोराव काहीतरी पुटपुटत होते, काही केल्या कळत नव्हतं. प्रेमलाबाई बाकड्यावर पुढे सरकल्या.

"मोठ्यानं बोला," अपूर्वा मॅडमचा आवाज आला. "पहिल्यापासून."