कोलाचं तबक आणि दाराजवळचे मास्तर

मी एक जुनं लाकडी तबक आहे, मित्रांनो, आणि फिरून फिरून फार थकलं आहे.

ज्या इरोको वृक्षातून मला कोरलं, तो एवढा थोरला होता, की पहिला घाव घातला तेव्हा लाकूडतोड्याचं लग्न व्हायचं होतं आणि झाड पडलं तेव्हा त्याला नातवंडं होती. खोटं वाटत असेल तर त्या नातवंडांना विचारा.

पाहुणे आले की माझ्यावर कोलाच्या कडू बिया ठेवतात. त्या फोडण्याआधी मला सगळ्यांच्या हातांतून फिरवतात, पण वाटेल तसं नाही. आधी यजमानाचा जवळचा नातलग, मग लांबचे, शेवटी परका. चीफ ओबिएक्वे यांच्या बैठकीत मी चाळीस वर्षं अशीच फेरी केली. पक्षाचं तिकीट चीफच देत, आणि तेही माझ्याच वाटेनं जाई.

नदीपलीकडचे इकेन्झे मास्तर दाराजवळ बसत. सोळा वर्षं त्यांनी पक्षासाठी पायपीट केली, सात गावांना नळाचं पाणी आणलं. एकदा तरी कौन्सिलचं अध्यक्ष व्हावं, एवढीच त्यांची आस. मी मात्र त्यांच्या हाती दरवेळी सर्वांत शेवटी पोचे.

यंदा तिकीट ठरायच्या दिवशी मला फिरवायला चीफचे म्हातारे काका उठले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मला थेट मास्तरांच्या हातात ठेवलं. दिलेलं तबक कुणी मागे घेत नाही. ज्याचा हात पहिला, तो घरचा.

“काका, चुकलात,” मास्तर हळूच म्हणाले. “मी नात्यातला नाही.”

आणि स्वतः उठून त्यांनी मला चीफच्या जावयापुढे धरलं. जावई कालच लागोसहून आलेला; नळाचं सोडा, त्याला नदीही ठाऊक नव्हती.

चीफ हसले. “याला म्हणतात शहाणा. स्वतःची जागा ओळखतो.”

“ओळखणारच, चीफ. सोळा वर्षं तिथंच बसलोय.”

तिकीट जावयाला गेलं. बाहेर पडताना शेजाऱ्यानं मास्तरांना टोचलं, “अरे, आयतं हातात आलं होतं की.”

“नळांमुळे आलं असतं तर घेतलं असतं,” मास्तर म्हणाले. “मोतीबिंदूचा वशिला नको.”

आता माझी कड चिरली आहे. मित्रांनो, मला तेल लावा, उन्हात टाकू नका. आणि मोडण्याआधी एकदा तरी, डोळे उघडे ठेवून, मला दारापासून फिरवा. आतल्या खुर्च्यांची वाट मला झोपेतही पाठ आहे.